वैनखेड्याच्या दोन चिठ्ठ्या

"आजी, तू जिंदगीत एकदाच मत दिलं ना, ते कोणाले दिलं होतं?"

दीक्षानं विचारून टाकलं आणि दाराआड उभ्या असलेल्या गार्गी-नूपुरनी एकमेकींची मनगटं घट्ट धरली. पैज तर्री-पोह्याची होती. इतिहासाच्या मॅडमनी दहावी 'ब'ला प्रकल्प दिला होता : घरातल्या सगळ्यात वयस्क मतदाराची मुलाखत घ्या. दीक्षानं वर्गात छाती फुगवून सांगितलं होतं की आमच्या घरी एकोणीसशे सत्तावनची मतदार आहे, बोला. त्यावर गार्गी म्हणाली होती, "मुलाखत कोणीपण घेईल. तुमच्या घरी जो प्रश्न कोणीच विचारत नाही, तो विचारून दाखव." आणि नूपुरनं तेल ओतलं होतं, "नाई विचारू शकत ही. बोलायच्याच गोष्टी हिच्या."

आता असं कोणी म्हटल्यावर दीक्षा गप्प बसणार होती थोडीच. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'येस मॅडम' म्हणतानासुद्धा जिचा आवाज घशात अडकायचा, तीच ही मुलगी. जुलैमध्ये वक्तृत्व स्पर्धेतली एक पोरगी ऐनवेळी तापानं पडली आणि मॅडमनी दीक्षाला मंचावर ढकललं. पहिलं मिनिट ती कागदात बघूनच बोलली. दुसऱ्या मिनिटाला तिला कळलं की समोरचे दोनशे लोक ऐकून राहिले आहेत. तिसऱ्या मिनिटानंतर वेळ संपल्याची घंटा दोनदा वाजवावी लागली. नंबर दुसराच आला, पण त्या दिवसापासून ती जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. कंडक्टरला विचार, मुख्याध्यापकांना विचार, पाणीपुरीवाल्या भैयाला 'ये पानी कौनसे नल का है' विचार. गार्गी म्हणायची, हिच्या तोंडाचं झाकण हरवलं आहे.

भीमाबाई गॅलरीतल्या उन्हात बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वय नव्वद. नात्यानं दीक्षाच्या बाबांची आजी, म्हणजे तिची पणजी. पण नागपुरातल्या इंदोरा वस्तीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सगळेच त्यांना आजी म्हणत. त्यांची बोटं थांबली. शेंगेतला एक दाणा निसटला आणि घरंगळत गॅलरीच्या जाळीतून खाली गेला.

"वैनखेड्याले," त्या म्हणाल्या.

"वैनखेडा तं मतदारसंघ होता ना आजी. माणूस कोण?"

"शिडीले दिलं."

"शिडी म्हणजे निशाणी. नाव काय होतं त्याचं?"

आजींनी सूप बाजूला सारलं, भिंतीला हात लावून उठल्या, आत गेल्या आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या. दाराआडच्या दोघी चपला हातात घेऊन जिना उतरल्या. पैज कोणी जिंकली हे विचारायचं भान तिघींपैकी एकीलाही राहिलं नाही.

घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. निवडणूक आली की घर लवकर उठायचं, बाबा इस्त्रीचा शर्ट घालायचे, आई पोस्टात जायच्या आधी रांगेत उभी राहायची, दोघं बोटाची शाई दाखवत परत यायचे. आणि आजी त्या दिवशी दार लोटून आत बसायच्या. यादीवाले घरी आले की म्हणायच्या, "माहं नाव नोका लिहू." बाबासाहेबांच्या फोटोला रोज सकाळी हार घालणारी, दीक्षाभूमीवर छप्पनच्या गर्दीत उभी राहिलेली बाई, आणि मत देत नाही. बाबांनी अठराव्या वर्षी एकदा कारण विचारलं होतं. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

या वेळी दोन दिवस उलटून गेले. आजी चहात बुडवून अर्धी पोळी खायच्या आणि ताट सारायच्या. संध्याकाळच्या वंदनेला विहारात जायचं कधी चुकवलं नव्हतं, ते चुकवलं. आई, म्हणजे सरिता, चिडून चिडून शेवटी हळू आवाजात बोलायला लागली, आणि आईचा हळू आवाज हा या घरातला सगळ्यात वाईट आवाज होता.

"तुले काय गरज होती वं?" ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "नव्वद वर्षांची बुढी आहे ती. तुह्या मार्कांसाठी तिचं जेवण तोडलं तू."

"मार्कांसाठी नाई विचारलं."

"मग?"

पोह्यांसाठी विचारलं, हे दीक्षाला सांगवेना. बोलता यायला लागल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं की झाकण होतं तेच बरं होतं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती आजींच्या पायथ्याशी जाऊन बसली. "आजी, मी नाई विचारत काहीच. तू फक्त जेव."

आजींनी छतावरची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "दरवाजा लाव. सांगतो."

आणि सांगितलं.

वैनखेडा मतदारसंघ नवा निघाला होता. त्या सालची निवडणूक त्याची पहिलीच. भीमी तेव्हा बावीस वर्षांची, चौथी शिकलेली. टोलीतल्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, बायांमध्ये वाचता येणारी तीच एक. आपल्याकडून सोनबा मास्तर उभे होते, निशाणी शिडी. मास्तर असे की रात्रशाळा चालवायचे आणि कंदिलातलं घासलेट स्वतःचं घालायचे. मतदानाच्या आदल्या आठवड्यात कळलं की या मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे आहेत, म्हणून प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या मिळणार.

"तवा आत्तासारखी मशीन नव्हती वं पोरी. पडद्याच्या मांगं पेट्या ठेवेल राहत. ज्याची त्याची पेटी, पेटीवर त्याची निशाणी. चिठ्ठीवर काही लिहाचं नाही का ठप्पा माराचा नाही. चिठ्ठी पेटीत टाकली का झालं मत." आजी उठून बसल्या. "मास्तर सांगून गेले व्हते का एक चिठ्ठी शिडीले टाका. म्या म्हटलं, दोन भेटून राहिल्या तं दुसरी दुसऱ्याले काहून देऊ? आपला माणूस एक. दोनी त्यालेच टाकू, म्हणजे दुप्पट होईल. घरोघरी गेली मी. एकेक बाई बसवून समजावली. मह्यासकट एकशेएकतीस बाया."

"एवढं पक्कं कसं आठवते तुले?"

"चिंचोके मोजून ठेवले व्हते. जी बाई मत देऊन आली, तिचा एक चिंचोका. एकशेएकतीस झाले तवा मी नाचली, खरं सांगतो."

मतमोजणीहून माणूस परत आला तेव्हा गावात अंधार पडत होता. मास्तर हरले होते, चौऱ्याण्णव मतांनी. आणि तो माणूस चावडीसमोर सगळ्यांदेखत म्हणाला, "आपल्या बायांच्या चिठ्ठ्या बाद केल्या साहेबानं. एका पेटीत दोन दोन निघाल्या म्हणे."

आजींनी पदर तोंडाला लावला, पण त्या रडत नव्हत्या. त्यांचे डोळे कोरडेच होते.

"एकशेएकतीस बाद. चौऱ्याण्णवनं हरले. म्या हरवलं त्यायले."

दीक्षानं पाण्याचा गिलास पुढं केला, तो आजींनी बाजूला सारला.

"आन पुढं आयक. पाच वर्षांनी दुसरी निवडणूक आली, तं वैनखेडा मतदारसंघच नाही. पुसून टाकला. अर्धी गावं इकडं, अर्धी तिकडं. आमचा दीर हसून हसून सांगत फिरे का ह्या बायांले मत देता येत नाही म्हणून सरकारनं दुकानच बंद केलं. भीमीनं मतदारसंघ खाल्ला, असं म्हणत लोक. मजाकच व्हती ती, पण मले मजाक नाही वाटली." आजींनी पायावरची गोधडी ओढून घेतली. "मास्तर रस्त्यानं दिसले का मी बांधाआड लपो. पुढं तेही गेले. मत म्हणजे काय आहे, हे ज्या माणसानं सांगितलं त्यालेच म्या बुडवलं. मंग कोणत्या तोंडानं देऊ मत?"

आता ही मुलगी जर मागच्या वर्षीची दीक्षा असती, तर आजींच्या कुशीत शिरून रडली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. ही दीक्षा उठून बाबांचा लॅपटॉप घेऊन बसली. तिला पक्की खात्री होती की आजीचं काहीतरी चुकत असणार. पाच-दहा नाही, अडुसष्ट वर्षं झाली त्याला. आकडे हलतात, गोष्टी फुगतात. निवडणूक आयोगाचे जुने अहवाल कुठं मिळतात ते मॅडमनीच दाखवलं होतं. एकोणीसशे सत्तावन, मुंबई राज्य, कारण तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं. पानं खाली सरकवत गेली. वैनखेडा. जागा : दोन. उमेदवार पाच. तिसऱ्या क्रमांकावर सोनबा, अपक्ष.

तिनं दुसऱ्या आणि तिसऱ्याची वजाबाकी वहीत केली. मग फोनवर केली. मग पुन्हा वहीत.

चौऱ्याण्णव.

बासष्टचा अहवाल उघडला. वैनखेडा नव्हतं. पुढच्या कुठल्याच अहवालात नव्हतं. पाच वर्षं जगलेला मतदारसंघ. माणूस असता तर बालवाडीतून पहिलीत जायच्या आधीच गेला म्हणायचा.

दीक्षानं वही मिटली. आजींनी एक आकडासुद्धा फुगवला नव्हता. अडुसष्ट वर्षं त्यांनी तो जसाच्या तसा सांभाळला होता. आणि एकशेएकतीस चौऱ्याण्णवपेक्षा मोठे आहेत हे सांगायला दहावीचं गणित लागत नाही.

तिनं कायदाही शोधला. दोन चिठ्ठ्या एका पेटीत टाकल्या तर काय व्हायचं, ते कुठं तरी लिहिलेलं असेलच ना. लोकप्रतिनिधित्व कायदा, मतदानाचं प्रकरण, कलम एकसष्ट, बासष्ट, आणि त्रेसष्टच्या जागी फक्त कंस आणि चांदण्या. वगळले. काय वगळलं ते कुठंच नाही. दोन खासदारांची पद्धत गेली तेव्हा तिचं कलमही गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. गार्गी आणि नूपुर समोर बसल्या.

"आजी बोलल्या का?" नूपुरनं विचारलं.

"बोलल्या. आणि खरं आहे सगळं." दीक्षानं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. "मी शोधायले नको होतं. न शोधता म्हटलं असतं का आजी तुझा गैरसमज आहे, तर चाललं असतं. आता मी तिला खोटं कसं सांगू?"

गार्गी पोळीचा घास हातात धरून थांबली. "त्रेसष्ट कलम म्हणालीस? वगळलेलं?"

"हाव."

"आमच्या आजोबांकडे असेल. माझे आजोबा कोणती गोष्ट वगळत नाहीत."

गार्गीचे आजोबा, गिरिधरराव, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. जुन्या नागपुरातल्या महाल भागात त्यांचा फ्लॅट. भोसल्यांच्या काळात पूर्वज दप्तर सांभाळायला आले, आणि दप्तर सांभाळायची सवय रक्तातून गेलीच नाही, असं गार्गीची आई कपाटांकडे हात दाखवून सांगायची. आजोबांच्या खोलीत चार कपाटं होती आणि पलंग त्यांच्या मध्ये कसाबसा मावला होता.

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "उजव्या कानात."

दीक्षा मोठ्यानं बोलली. पेट्या, चिठ्ठ्या, एकशेएकतीस बाया, चौऱ्याण्णव मतं, दिराचे टोमणे. गिरिधरराव डोळे मिटून ऐकत होते, आणि ते झोपले की काय असं वाटत असतानाच म्हणाले,

"बाद झाल्या हे कोणी सांगितलं?"

"गावातला माणूस. मोजणीहून आला होता तो."

"किती बाद झाल्या सांगितलं त्यानं?"

"किती म्हणजे? बायांच्या चिठ्ठ्या बाद केल्या म्हणाला."

"किती?" आजोबांनी डोळे उघडले. "बाई, बाद हा शब्द आकड्याशिवाय वापरायचा नसतो. चाळीस वर्षं हेच सांगत आलो मी, कोणी ऐकलं नाही. गार्गी, खालचं कपाट, तिसरा कप्पा, लाल पाठीचं पुस्तक. सुतळी सोडू नकोस, मी सोडतो."

लाल पाठ आता विटकरी झाली होती. त्यांनी सुतळी सोडली, गुंडाळून खिशात ठेवली, बोटाला थुंकी न लावता पानं उलटली आणि पुस्तक दीक्षासमोर ठेवलं. कलम त्रेसष्ट. इंग्रजी जुन्या वळणाचं आणि गुंतागुंतीचं होतं. तिनं एकदा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं.

"कळलं?"

"म्हणजे... एका मतदारानं एकाच उमेदवाराला दोन मतं दिली, तर..."

"तर?"

"तर त्यातलं एकच धरायचं. बाकीचं रद्द."

"बाकीचं रद्द." गिरिधररावांनी मांडीवर थाप मारली. "एक धरायचंच. सोडायचं नाही, धरायचं. पेटी उघडली, एका मतदाराची जोडी सापडली, तर एक चिठ्ठी इकडे मोजणीत, एक तिकडे बाद. एकशेएकतीस बाद झाल्या असतील, मान्य. पण एकशेएकतीस त्या मास्तरांच्या खात्यात गेल्याही. जितक्या बाया, तितकी मतं. एका बाईकडून एका माणसाला त्याहून जास्त मिळायची सोयच नव्हती."

दीक्षानं पुस्तकातून मान वर केली.

"म्हणजे तिनं काहीच नाही केलं?" दीक्षानं विचारलं.

"कसं नाही? केलं ना." आजोबा आता रंगात आले. "दुसरी चिठ्ठी त्या बायांनी कुणाच्या तरी पेटीत टाकलीच असती. मास्तरांच्या पुढे जो दोन नंबरवर होता, त्याला त्यातल्या पन्नास-साठ सहज गेल्या असत्या. मग हे दीडशेनं हरले असते. मुद्दाम दुसरं मत वाया घालवायचं, याला त्या काळी मत कुजवणं म्हणत. पक्षाचे मोठमोठे कार्यकर्ते महिनाभर बैठका घेऊन लोकांना हे शिकवायचे. तुझ्या पणजीनं चिंचोक्यांवर केलं. तिच्यामुळे हरले नाहीत ते. तिच्यामुळे थोडक्यात हरले."

"आणि मतदारसंघ बंद झाला तो?"

"देशभरातले दोन-दोन जागांचे सगळेच बंद झाले. एकसष्ट साली कायदा केला संसदेनं. तुमच्या वैनखेड्याच्या बायांवर संसदेत चर्चा झाली नाही, तेवढं तिला सांग. दिराला वाटत असेल तसं."

नूपुर फसकन हसली. दीक्षाला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि ते थांबवता येईना म्हणून ती तशीच पानाचा फोटो काढायला लागली. तीन फोटो हलले. चौथा गार्गीनं काढला.

"पुस्तक नेऊ का आजोबा?"

"पुस्तक या खोलीबाहेर जात नाही," गिरिधरराव म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे बघून खिशातली सुतळी काढली. "सोमवारी परत. आणि बांधून आण."

घरी पोचली तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. आजी पलंगावर बसून नुसत्याच खिडकीबाहेर पाहत होत्या. जिने चढून दीक्षाला धाप लागली होती. मग तिनं एका श्वासात सगळं सांगून टाकलं, कलम, जोडी, मोजणी, संसद, आणि पुस्तक आजींच्या मांडीवर ठेवलं.

आजींनी पुस्तकाकडे पाहिलं, उचललं नाही.

"कागदावर तं काहीही लिहितेत," त्या म्हणाल्या.

"हा कायदा आहे आजी. साहेबाले पण मोडता येत नाही."

"दोनी चिठ्ठ्या बाद नाही केल्या?"

"एक केली. एक मोजली."

"कोणती मोजली?"

"कोणतीही. दोन्ही सारख्याच होत्या ना. एक शिडीलेच गेली."

आजी बोटं मोजायला लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी विचारलं, "तुळसाबाईची?"

"कोण तुळसाबाई?"

"बाजूच्या घरातली. डोळ्यानं दिसत नव्हतं तिले. हात धरून नेलं व्हतं मी पेटीपाशी... पडद्यापर्यंत. तिची मोजली?"

"मोजली आजी."

"सखूची? आठ महिन्यांची पोटुशी व्हती. उन्हात उभी राह्यली दोन घंटे."

"मोजली."

"गिरजीची? तिच्या सासूची?"

"दोघींचीही."

आजी एकेक नाव घेत गेल्या. काही नावं लगेच यायची, काहींसाठी डोळे मिटून घराघरातून फिरावं लागायचं : विहिरीजवळची, मग तिच्या मागची, मग लंगड्याची बायको, नाव नाही आठवत, पण होती. प्रत्येक नावाला दीक्षा म्हणायची, मोजली. आई पोस्टातून येऊन दारात पिशवीसकट उभी होती, दोघींना दिसलंही नाही. साठ-सत्तर नावं झाली असतील. मग आजी म्हणाल्या, "आन माही?"

"तुझी पण मोजली आजी."

"हाव?"

"हाव."

भीमाबाईंनी पुस्तकावर तळहात ठेवला आणि मोठा, लांब श्वास सोडला. इतका लांब, की दीक्षा घाबरून पुढे सरकली. पण आजी हसायला लागल्या होत्या. दात नसलेलं, खांदे हलवणारं हसू.

"मंग मास्तर हरले काहून?"

"लोकांनी कमी मतं दिली म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

"पाह्य बाप्पा," आजी म्हणाल्या. "आन मी इकडं अख्खी जिंदगी दरवाजा लावून बसली." हसत हसत त्यांनी डोळे पुसले, दाराकडे पाहिलं. "सरिता, उभी काहून राहिली अशी? भाकर टाक. लसणाची चटणी कर. चार दिवसांची भूक आहे मले."

आईनं पिशवी खाली ठेवली. ती आत गेली; पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि मग नाक शिंकरल्याचा.

आजी दोन भाकरी जेवल्या. हात धुऊन आल्यावर पदराला पुसत पुसत, जणू दुधाचं विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "आता नाव घालाचं असन यादीत, तं कोठी जा लागते?"

दीक्षानं फोन पाहिला. मतदार नोंदणीचं शिबिर याच शनिवार-रविवारी होतं, चौकातल्या शाळेत. उद्या शेवटचा दिवस, दहा ते पाच.

बाबा, म्हणजे प्रशिक, मिहानमधल्या कंपनीतली ड्युटी संपवून आले तेव्हा आई त्यांना ओट्यापाशी उभं राहून सगळं सांगत होती. ते बूट न काढताच ऐकत राहिले. मग आत डोकावून आले. आजी पलंगावर बसून आधार कार्डाची घडी उलगडत होत्या.

"जाईल ना यादीत नाव," बाबा म्हणाले. "पुढच्या वेळी शिबिर लागलं की मी सुट्टी टाकतो. उद्या तर मले जनरल शिफ्ट आहे, सरिताची पोस्टाची युनियन मिटिंग आहे आणि दीक्षाची क्लासची टेस्ट. तीन तासांची टेस्ट, ती काही चुकवता येत नाही. शिबिर तं महिन्यातून एक राहते."

"घरी बोलावता येईल ना त्यायले," आई म्हणाली. "पुढच्या महिन्यात."

"आई, बाबा," दीक्षा म्हणाली. ती मंचावर उभी राहायची तशी उभी होती, हात मागे, पण आवाज अगदी साधा. "उद्या मी टेस्टले नाही जाऊन राहिली. क्लासच्या सरांना मी आत्ताच फोन करून सांगितलं, ते रागावले, रागावू द्या. तिची अडुसष्ट वर्षं वाया गेली, आता आणखी एक महिना नाही. दहा वाजता शाळा उघडते, साडेनऊले मी आजीले ऑटोत बसवून नेते. फॉर्म मी भरते, सही ती करते."